आवाजातली धार

"थांब, थांब. परत म्हण. शेवटचे शब्द पुसट येतायत."

तारमास्तरांनी गिटारवर आडवा तळवा ठेवून गाणं मध्येच तोडलं. समोर खुर्चीच्या कडेला ताठ बसलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीने पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. मास्तरांनी मान हलवली. तिने आणखी एकदा म्हटली, या वेळी एकेक अक्षर सुटं करून, शाळेत बाराखडी म्हणावी तसं.

"दादा, मी नेहमीसारखंच म्हणतेय रे."

"तुला वाटतंय तसं. ऐकणाऱ्याला स कळत नाही, त कळत नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन गातेस जणू."

तिने यावर वाद घातला नाही. दादाशी सुराच्या बाबतीत वाद घालायचा असतो हे तिला माहीतच नव्हतं. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून दादाने तिला समोर बसवून गायला शिकवलं होतं. सूर केसभर खाली गेला की त्याच्या कपाळावर आठी पडायची आणि तो वर आला की आठी जायची. लोक आरशात बघून केस नीट करतात, तशी ती दादाच्या कपाळाकडे बघून आवाज नीट करायची.

तारमास्तर हे नाव त्यांना खिळ्यांच्या कारखान्यात पडलं होतं. तारेचं भेंडोळं यंत्राला लावायचं, यंत्र ती तोडून, ठोकून खिळे ओकत राहायचं, आणि मास्तर त्या धडधडाटात उभे असायचे. ऐन तारुण्यापासून निवृत्तीपर्यंत तेच. कानात कापसाचे बोळे घातले की झालं, असा तो काळ. शनिवार-रविवारी संध्याकाळी मात्र ते स्वच्छ सदरा घालून नदीकाठच्या हॉटेलात गिटार वाजवायचे आणि बहीण गायची. लोक जेवायचे, गप्पा मारायचे, एखादं गाणं ओळखीचं निघालं की घास हातात धरून ऐकायचे. फार मोठं काही नव्हतं ते. पण आठवड्याच्या उरलेल्या पाच दिवसांना त्या दोन संध्याकाळींचा टेकू होता, दोघांच्याही.

त्या शनिवारीही मास्तरांना तिचे शब्द पुसट ऐकू आले. कार्यक्रम संपल्यावर हॉटेलच्या मागच्या बोळात, रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांजवळ, त्यांनी तिला गाठलं.

"एक सांगू? तुला दुसरं कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो," ते म्हणाले. "तुझ्या आवाजातली धार गेलीय. वय होतंच गं सगळ्यांचं. पण लोकांनी कीव करायच्या आत आपण थांबावं."

बहीण पर्सची चेन लावत होती. ती अर्ध्यात अडकली. तिने ती मागे घेतली, पुन्हा ओढली.

"आज कोणी काही बोललं का?"

"कशाला कोण बोलायला हवं? मला कान आहेत ना."

"हो," ती म्हणाली. "तू म्हणतोस म्हणजे असेलच."

पुढच्या शनिवारी मास्तर एकटेच गेले. बहीण परत आलीच नाही. मास्तरांना वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक समाधानही होतं. कडू औषध आपल्या हाताने पाजलं, याचं.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. मग गिटारच रुसली.

आधी मास्तरांना वाटलं, तारा जुन्या झाल्या. नव्या लावल्या. त्याही दोन दिवसांत मेल्यासारख्या वाटू लागल्या. मग त्यांचा सगळा संशय गेला गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पवर. अ‍ॅम्प लहानसाच, प्रवासाच्या बॅगेएवढा. पुढे कापडाची जाळी, वर दोन खुंट्या, आणि आत काचेच्या दिव्यांसारखे दोन व्हॉल्व्ह, जे तापून नारिंगी झाल्याशिवाय आवाज निघायचा नाही. इतकी वर्षं त्यांनी तो लावला, वाजवला, पुसला. उघडून मात्र कधी पाहिला नव्हता.

"व्हॉल्व्ह थकले असतील," सुट्या भागांच्या दुकानातला दुकानदार म्हणाला. हा माणूस रेडिओंच्या ढिगात बसलेला असायचा, चष्मा कपाळावर आणि जीभ सदा चालू. "बदलून बघा. पण मास्तर, आत हात घालायचा असेल तर आधी माझं ऐका. ही विजेची वस्तू फार डूख धरणारी. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरात माणूस आडवा करण्याइतकी वीज दबा धरून बसते. ती आधी रेझिस्टर लावून उतरवायची, मीटरचा काटा शून्यावर बघायचा, मगच बोट लावायचं. आणि एक हात खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जाणार नाही. तो चुकूनही बाहेर काढायचा नाही."

"एका हाताने काम कसं करायचं?"

"दोन्ही हातांनी केलं तर पुढचं काम वहिनींना करावं लागेल."

मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि अ‍ॅम्प उघडला. पहिल्यांदा मीटरची टोकं आत घालताना त्यांच्या कपाळावर घाम आला. काटा हळूहळू खाली सरकत शून्यावर टेकला, तेव्हा श्वास सोडला.

व्हॉल्व्ह बदलले, आणि काय आश्चर्य, आवाज उजळल्यासारखा वाटला. चार दिवस मास्तर खुशीत होते. पाचव्या दिवशी तेच पांघरूण.

"मग एक युक्ती आहे," दुकानदार म्हणाला. त्याने वाटाण्याच्या डाळीएवढा एक कपॅसिटर तळहातावर ठेवला. "व्हॉल्यूमच्या खुंटीवर हा आडवा जोडायचा. बारीक, तीक्ष्ण सूर खुंटीला वळसा घालून थेट पुढे जातात. नवशिक्याचं पहिलं काम हेच. डाख द्यायला येतो का?"

डाख द्यायला येत नव्हता. ते शिकले. वितळलेल्या कथलाचे पहिले काही डाख चिखलाच्या गोळ्यांसारखे झाले. नंतरचे गुळगुळीत, चकचकीत बसू लागले. आयुष्यभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस, ज्याच्या हातून रोज पोत्यांनी खिळे गेले आणि एकही त्याचा म्हणता आला नाही, तो आता एवढासा डाख भिंगातून बघून बायकोला हाक मारायचा.

"अगं, हे बघ तरी! थेंबासारखा बसलाय."

"बघते. पण जेवायचं कुठे आज? मांडीवर?"

"पाचच मिनिटं."

"ही पाच मिनिटं सोमवारपासून चाललीयत."

ती असं बोलायची, पण अ‍ॅम्प सुरू झाला की चप्पल पायात सरकवून शेजारी जायची. मास्तरांना वाटायचं, तिला शेजारणीशी गप्पा मारायच्या असतात. जाताना ती दारातून काहीतरी म्हणायचीही. मास्तर "हो हो" म्हणून मान डोलवायचे.

छोट्या कपॅसिटरने काही दिवस बरं वाटलं. मग त्यांनी त्याहून मोठा लावला. मग दोन व्हॉल्व्हच्या मधला कपॅसिटर काढून तिथे लहान घातला, जाड सूर दारातच अडावेत म्हणून. मग स्पीकरच बदलला. प्रत्येक वेळी तेच व्हायचं. आधी दार उघडल्यासारखं वाटायचं, आणि मग कोणी तरी ते पुन्हा हळूच लोटून घ्यायचं.

हॉटेलात वेटर भिंतीला धरून जाऊ लागले. मास्तरांच्या जवळची टेबलं रिकामी राहू लागली. एका रविवारी मॅनेजर खुर्ची ओढून जवळ बसला.

"मास्तर, जरा कमी ठेवा ना आवाज."

"कमीच आहे."

"मग तो… टोचणारा आहे ना, तो तरी. गिऱ्हाईक उठून जातंय हो. त्या बाईंनी तर कानात बोटं घातली."

"लोकांना चांगलं ऐकायची सवय राहिली नाही, त्याला मी काय करू?"

"तुमचे हात चांगलेच आहेत, मास्तर. पण आवाज…"

"आवाज माझा मला कळतो!"

मास्तरांनी तिथल्या तिथे वायर गुंडाळली. इतक्या वर्षांच्या हॉटेलातून ते कोणाचा निरोप न घेता बाहेर पडले, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात अ‍ॅम्प. मॅनेजर मागून धावत आला, काहीतरी म्हणाला. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. नंतर पुष्कळ दिवसांनी त्यांच्या मनात आलं, तो रागावलेला नसावा. दार उघडून धरायला आला असावा.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प दुकानात. "तुमचे सगळे उपाय फसले," मास्तर म्हणाले. "आता नीट तपासा. कुठे मरतोय सूर, ते शोधाच."

दुकानदाराने कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या एका गिटारची वायर जोडून एक झणकार काढला आणि दात आवळले. "अहो मास्तर! हा तर वस्तऱ्यासारखा कापतोय."

"वस्तरा? बोथट चाकू म्हणा."

दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग फळीवरून एक पेटी खाली काढली. तिच्यातून हवा तो एकच सूर काढता यायचा, खर्जातल्या घुमण्यापासून शिट्टीपर्यंत. ती त्याने अ‍ॅम्पला जोडली आणि स्पीकरच्या तारांना मीटर लावला. "आता मी खालून वर जातो. जिथे सूर पडेल तिथे सांगा."

सूर घुमू लागला. वर चढला. गुणगुण झाली, मग पिपाणी, मग शिट्टी. मास्तर डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते, बहिणीचं गाणं ऐकायचे तसे. शिट्टी बारीक होत गेली, आणि विझली.

"इथे!" मास्तरांनी डोळे उघडले. चेहरा उजळला होता. "इथेच मेला बघा! मी म्हणत नव्हतो?"

इस्त्री दुरुस्तीला घेऊन आलेल्या एक बाई काउंटरपाशी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले होते. "अहो, बंद करा ते! डोकं उठलं."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. मग मीटरकडे. काटा वर उभा होता, थरथरतही नव्हता.

"मास्तर," दुकानदार हळू आवाजात म्हणाला, आणि मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाला, "अजून वाजतोय."

त्याने खुंटी मागे फिरवली. शिट्टी कुठूनशी परत आली. पुन्हा पुढे फिरवली. गेली. काटा जागच्या जागी. तोंडात मारल्यासारखे मास्तर त्या काट्याकडे बघत राहिले. जन्मभर वाचाळ असलेला दुकानदार त्या दिवशी खाली मान घालून वायरी सोडवत बसला.

"कारखान्यात होतात ना तुम्ही?" शेवटी त्याने विचारलं.

"खिळ्यांच्या."

"हं."

अ‍ॅम्प तिथेच ठेवून मास्तर निघाले. आपले कान गेले, एवढंच तोवर डोक्यात होतं, आणि तेवढंही पुरेसं जड होतं. चौकात दिवा हिरवा झाला, माणसं पलीकडे निघाली, आणि मास्तरांचा एक पाय रस्त्यावर, एक फूटपाथवर राहिला. ऐकणाऱ्याला स कळत नाही, त कळत नाही. ते स्वतःच बहिणीला म्हणाले होते. पांघरूण. धार. बाजूने जाणाऱ्या कोणी तरी दंडाला धरून त्यांना मागे घेतलं. तो माणूस काय म्हणाला, हेही मास्तरांना धड कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. फक्त कानांचं.

"मी किती वेळा म्हटलं, डॉक्टरला दाखवू या म्हणून," ती म्हणाली.

"कधी म्हटलंस?"

"दर वेळी. दारातून." तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "तुम्ही हो हो म्हणायचात."

कानाच्या डॉक्टरने फार काही नवीन सांगितलं नाही. यंत्राच्या आवाजाने वरचे सूर आधी जातात, हळूहळू जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. ज्याचे जातात त्याला वाटतं, जगच पुटपुटायला लागलंय. "हे किती वर्षांपासून असेल?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, बऱ्याच. मास्तरांनी आणखी एकदा विचारलं, दोन-तीन वर्षांपूर्वी असेल का? डॉक्टर म्हणाला, नक्कीच असेल.

कानामागे लावायची मशीन मिळाली. पहिल्या दिवशी मास्तर घरभर दचकत फिरले. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर आग लागल्यासारखं. बायकोच्या बांगड्या, घड्याळाचा काटा, स्वतःच्या चपला. मग त्यांनी अ‍ॅम्प सोडवून आणला, लावला, तापू दिला, आणि एकच झणकार काढला.

तो झणकार दाताच्या मुळापर्यंत गेला. त्यांनी प्लग ओढून काढला. हे आपण लोकांच्या ताटांवर ओतत होतो! मॅनेजर बिचारा खुर्ची ओढून बसला होता, हळू बोलत होता.

मग त्यांनी पुन्हा चादर अंथरली. वीज उतरवली, काटा शून्यावर पाहिला, एक हात खिशात घातला. व्हॉल्यूमवरचा कपॅसिटर डाख वितळवून काढला. मधला मूळचा परत बसवला. स्पीकर जुना लावला. लावायला महिने गेले होते, काढायला एक दुपार पुरली. संध्याकाळी अ‍ॅम्प पहिल्यासारखा बोलला, मऊ, किंचित घोगरा. बायको चप्पल न घालता दारात उभी राहून ऐकत होती.

"हाच तर होता," ती म्हणाली. "एवढ्यासाठी इतका खटाटोप?"

मास्तरांनी खुंटी शून्यावर आणली. अ‍ॅम्पचं सगळं उलटं फिरवता आलं होतं.

रविवारी ते बहिणीकडे गेले. ती आता औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. तेवढी एक सुट्टी असायची तिला. दार उघडल्याबरोबर तिची नजर कानाकडे गेली.

"अरे वा, दादा! हे कधीपासून?"

"झाले थोडे दिवस." मास्तर खुर्चीत टेकले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं दारातच सांडली होती. "ऐक. तुझा आवाज गेला नव्हता. माझे कान गेले होते. तेव्हाच. मी तुला जे बोललो ते… ते सगळं इथलं होतं." त्यांनी आपल्या कानाला हात लावला. "तुझ्यातलं काहीच नव्हतं."

ती बराच वेळ टेबलावरचा कागद बोटाने सरळ करत राहिली. मशीनमुळे मास्तरांना तो प्रत्येक चुरचुराट ऐकू येत होता.

"ह्यांनी म्हटलं होतं मला," ती म्हणाली. "दादाला एकदा विचार परत, म्हणाले. आपल्याला तर बरा वाटतो आवाज. मी ह्यांनाच गप्प केलं. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, दादाचा कान आहे तो."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला? काय विचारायचं?" ती हसली. "मग घरातपण म्हणायचं सोडलं. तोंड उघडलं की मलाच पुसट ऐकू यायला लागलं रे. खरंच. तुझ्यासारखंच."

मास्तरांनी मान खाली घातली.

"इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई दोनदा येऊन गेल्या. मुलांना गाणं शिकवा म्हणाल्या. मी म्हटलं, नको. पोरांचे कान कशाला बिघडवू."

"आता विचार त्यांना."

"त्यांनी कोणी तरी घेतली केव्हाच. चांगली आहे, तरुण आहे."

"मग माझ्याबरोबर म्हण. मी अ‍ॅम्प पहिल्यासारखा केलाय. आज नको, पुढच्या रविवारी. फक्त घरात."

"दादा, आता नाही रे होत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "इतके दिवस गळा बंद ठेवला. परवा एकदा म्हणून बघितलं, तर वरच्या सुराला नुसती हवा निघाली. आता खरंच गेलाय बघ." आणि त्यांचा चेहरा बघून ती घाईने उठली. "जाऊ दे ना. मुद्दाम सांगायला आलास, तेच खूप झालं. चहा टाकते."

ती आत गेली. नळ सुटला. मशीनमधून पाण्याचा आवाज धबधब्यासारखा येत होता, त्यात कपांचा खणखणाट, गॅसची फुस्स. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. आणि त्या पाण्याखालून, आधी वाटलं भास, मग स्पष्ट, ती गुणगुणू लागली. एखादी स्त्री हात कामात असताना नकळत गुणगुणते तसं. आवाज बारीक होता, एके ठिकाणी चिरकला, पण सूर जागेवर होता आणि शब्द एकेक करून धुतल्यासारखे बाहेर येत होते. मास्तरांनी श्वास धरला. कपाळावरची एक शीरही त्यांनी हलू दिली नाही.

नळ बंद झाला. त्याबरोबर तीही थांबली.

मास्तर वाट बघत राहिले. गॅसवर पाणी उकळायला लागलं, डबा उघडला, झाकण लागलं. बाकी काही नाही.

बहीण ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा ते दाराकडे मान वळवून तसेच बसले होते.

"काय रे, असा काय बसलायस?" तिने विचारलं. "ते कानातलं बंद पडलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "चालू आहे."